गाडी अ‍ॅव्हरेज किती देते आणि किती घेते

कमी इंधन पिणाऱ्या नव्या गाडीचा सौदा दोन ठिकाणी ठरतो. एक पेट्रोल पंप, दुसरे शोरूममधले कोटेशन. पंपावरची बचत थेंबाथेंबाने, वर्षानुवर्षे जमते. कोटेशनवरची रक्कम मात्र एका सहीत जाते. ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा प्रश्न मराठी घरात गाडीच्या रंगाआधी विचारला जातो. कोटेशनचा कागद तितक्या बारकाईने क्वचितच वाचला जातो.

जाहिरातीतला मायलेजचा आकडा ‘एआरएआय मायलेज’ म्हणून ओळखला जातो. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था पुण्याची, १९६६ साली स्थापन झालेली, वेताळ टेकडीवरची. या चाचणीत गाडी रस्त्यावर धावतच नाही. तिची चाके रोलरवर फिरतात आणि चालक पडद्यावरच्या रेषेबरहुकूम वेग कमी-जास्त करतो. हे ठरलेले चक्र १,१८० सेकंदांचे, म्हणजे वीस मिनिटांपेक्षाही कमी. त्यात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आणि एसी बंद. खंबाटकीचा चढ नाही, नवले पुलावरची रांग नाही, मागच्या सीटवर तीन माणसे नाहीत. त्यामुळे हा आकडा घरच्या वापरात मिळत नाही, आणि तो त्यासाठी नसतोही. सगळ्या गाड्या एकाच तराजूत तोलल्या जाव्यात एवढाच त्याचा उपयोग. शहरात एसी लावून गाडी चालवली की त्यातून पाव हिस्सा, कधी त्याहून जास्त, वजा होतो. खरा आकडा काढायची जुनी रीतच भरवशाची: टाकी फुल करायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, तीन-चारशे किलोमीटर झाले की पुन्हा फुल करून भागाकार करायचा. तेच मॉडेल वर्षभर वापरणारा शेजारी किंवा ऑफिसातला सहकारी हा आकडा ब्रोशरपेक्षा खरा सांगतो.

आकडे वाचताना एकक पाहावे लागते. मारुती डिझायरच्या २०२४ साली आलेल्या मॉडेलचा अधिकृत आकडा मॅन्युअल पेट्रोलला लिटरमागे २४.७९ किलोमीटर आणि सीएनजीला ३३.७३ आहे. पण पेट्रोलचे एकक लिटर, सीएनजीचे किलो. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘नऊने जास्त’ म्हणण्याला अर्थ नाही. तुलना व्हायची ती किलोमीटरमागे रुपयांची.

उदाहरणासाठी आठ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीची पेट्रोल गाडी घेऊ आणि तिचेच सीएनजी मॉडेल ९० हजारांनी महाग धरू. पेट्रोल १०४ रुपये लिटर, सीएनजी ९० रुपये किलो. शहरातले प्रत्यक्ष मायलेज पेट्रोलवर १८, सीएनजीवर २५. मग किलोमीटरमागे खर्च अनुक्रमे ५ रुपये ७८ पैसे आणि ३ रुपये ६० पैसे, फरक सुमारे २ रुपये १८ पैसे. इथे महाराष्ट्रातल्या ग्राहकाला आणखी एक वजाबाकी करता येते. राज्यात वैयक्तिक गाडीला एकरकमी कर लागतो आणि तो इंधनानुसार बदलतो. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३ टक्के, तर सीएनजीला २०२५च्या वाढीनंतर ८ टक्के. म्हणजे आठ लाखांच्या पेट्रोल गाडीवर ८८,००० रुपये कर, तर ८ लाख ९० हजारांच्या सीएनजी गाडीवर ७१,२००. महाग गाडीला कर कमी. ९० हजारांचा फरक इथेच ७३ हजारांवर येतो आणि साधारण ३३,६०० किलोमीटरमध्ये वसूल होतो. महिन्याला हजार किलोमीटर धावणाऱ्याला त्यासाठी पावणेतीन वर्षे पुरतात. आठवड्याला मंडई आणि महिन्यातून एकदा गावी, एवढाच ४०० किलोमीटरचा वापर असेल तर सात वर्षे लागतात. अशा घराने सीएनजी फक्त स्वस्त आहे म्हणून घेणे हा तोट्याचाच व्यवहार म्हणायचा, कारण डिकीतली जागा जाते, पंपावर रांग लागते आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते.

स्ट्राँग हायब्रिडचे गणित वेगळे चालते. ग्रँड व्हिटाराच्या माइल्ड हायब्रिड मॅन्युअल मॉडेलचा अधिकृत आकडा २१.११ आणि स्ट्राँग हायब्रिडचा २७.९७. नावात दोन्हीकडे ‘हायब्रिड’ असले तरी माइल्ड हायब्रिड म्हणजे इंजिनाला थोडा हातभार लावणारी मोटर. ती एकटी गाडी ओढत नाही. स्ट्राँग हायब्रिड कमी वेगात विजेवर चालते आणि ब्रेक दाबताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठवते. म्हणून ती ट्रॅफिकमध्ये कमावते आणि एक्स्प्रेसवेवर तिचा फायदा घटतो. शहरात साधी गाडी १३ आणि हायब्रिड २२ देते असे धरले तर किलोमीटरमागे सव्वातीन रुपये वाचतात. किमतीत अडीच लाखांचा फरक असेल तर वसुलीला ७५ हजारांहून जास्त किलोमीटर लागतात. रोज हिंजवडी किंवा ठाणे-अंधेरी करणाऱ्याला हे जमते, सुट्टीच्या दिवशीच गाडी काढणाऱ्याला नाही.

डिझेलचा हिशेब वर्षाला वीस हजार किलोमीटरच्या पुढे, तोही हायवेवर, असेल तरच मांडावा. विजेच्या गाडीला जीएसटी ५ टक्के, राज्यात करमाफी, ऑगस्ट २०२५पासून अटल सेतूवर टोलमाफी. घरच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवता येतो की नाही, यावर तिचा बाकीचा सगळा हिशेब ठरतो.

मॉडेल ठरले की कोटेशन हातात येते. पहिली ओळ एक्स-शोरूम किंमत. तिच्यात जीएसटी, डीलरचे कमिशन आणि कारखान्यापासून शोरूमपर्यंतची वाहतूक आधीच मोजलेली असते. २२ सप्टेंबर २०२५पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकर यावरून १८ टक्क्यांवर आला. लहान म्हणजे लांबी चार मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचे १,२०० सीसीपर्यंत, डिझेलचे १,५०० सीसीपर्यंत. त्याहून मोठ्या गाड्यांना ४० टक्के. डिझायरची लांबी ३,९९५ मिलिमीटर आणि इंजिन १,१९७ सीसी का आहे, याचे उत्तर अभियांत्रिकीपेक्षा करखात्यात सापडते. त्या तारखेआधीचे कोटेशन किंवा ओळखीच्याने सांगितलेली किंमत तुलनेला घेऊ नये.

दुसरी ओळ रोड टॅक्सची. ती सरकारी, तिच्यात घासाघीस नाही. नोंदणी शुल्क ६०० रुपये, कर्ज असेल तर बोजा नोंदवायचे १,५००, स्मार्ट कार्डचे २००. या ओळीत ‘आरटीओ खर्च’ म्हणून एकच गोल आकडा लिहिला असेल तर तो फोडून मागावा. उरलेली रक्कम बहुधा एजंटाची असते. एचएसआरपी नंबर प्लेट १ एप्रिल २०१९पासून नव्या गाडीसोबतच येते, तिचे वेगळे पैसे मागणे चुकीचे. नव्या गाडीला पहिले वर्षभर पीयूसीही लागत नाही.

मग विम्याची ओळ, आणि सगळ्यात मोठी गळती बहुधा इथेच असते. थर्ड पार्टी विमा नव्या गाडीला तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो आणि त्याचा दर सरकार ठरवते. १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीसाठी तो १०,६४० रुपये, अधिक जीएसटी. विमा कुठेही काढला तरी हा आकडा तोच. बदलतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग आणि झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट यांसारखी अ‍ॅड-ऑन. विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती कायद्यात नाही. बाहेरून कोट मागवताना आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि अ‍ॅड-ऑन तीच ठेवली तर एकाच गाडीच्या दोन कोटांत दहा-पंधरा हजारांचा फरक दिसू शकतो. तो आकडा समोर ठेवला की शोरूमचा विमाही खाली येतो. ‘बाहेरचा विमा घेतलात तर कॅशलेस मिळणार नाही’ ही धमकी फारशी टिकत नाही. कॅशलेस ठरते ते विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे की नाही यावर, पॉलिसी कुठून घेतली यावर नाही. जुन्या गाडीवर पाच वर्षे क्लेम नसेल तर नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के नो क्लेम बोनस जमलेला असतो. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेतले की तो नव्या गाडीला लागतो. हे पत्र मागायचे बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही आणि शोरूममध्ये कोणी आठवण करून देत नाही.

खालच्या ओळींत ‘हँडलिंग चार्जेस’, ‘लॉजिस्टिक’, ‘एसेन्शियल किट’ असे शब्द येतात. हँडलिंगला कसलाच आधार नाही. ती ओळ खोडायला सांगितली की बहुधा खोडली जाते, न सांगितली की राहते. किटमध्ये मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर आणि टेफलॉन कोटिंग असते. बाजारात तेच निम्म्या भावात मिळते. हँडलिंगचे आठ हजार, किटचे पंचवीस आणि विम्यातले जादा बारा मिळून ४५ हजार होतात. लिटरमागे १८ऐवजी २० किलोमीटर देणारी गाडी शोधायला माणसे महिनाभर व्हिडिओ पाहतात. त्या दोन किलोमीटरच्या फरकातून हे ४५ हजार वसूल व्हायला सुमारे ७८ हजार किलोमीटर लागतात.

सवलतीचे चार-पाच खिसे असतात: रोख सूट, एक्स्चेंज बोनस, कॉर्पोरेट सूट, त्याच कंपनीच्या जुन्या ग्राहकाला लॉयल्टी, आणि जुनी गाडी अधिकृत केंद्रात मोडीत काढल्याची. सेल्समन सहसा एकच खिसा उघडतो. बाकीचे नाव घेऊन विचारावे लागतात. एक्स्चेंजमध्ये जुन्या गाडीची किंमत आणि बोनस हे दोन वेगळे आकडे असतात. बोनस पंचवीस हजार दाखवून गाडीची किंमत चाळीसने पाडण्याची चाल जुनी आहे. आधी बाहेर भाव काढून घेतलेला असला की ही चाल लगेच उघडी पडते.

वेळेचा हिशेब साडेतीन मुहूर्तांच्या उलट चालतो. गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला शोरूमसमोर फुलांच्या माळा घातलेल्या गाड्यांची रांग असते, डिलिव्हरीला तासभर थांबावे लागते, आणि त्या दिवशी मागितलेली सूट हसून टाळली जाते. दसऱ्याआधीच्या पितृपक्षात त्याच शोरूममध्ये एसी चालू, दिवे चालू आणि माणसे नाहीत. घरातल्या मोठ्यांना पक्ष पंधरवड्यात गाडी घरात आणणे पटत नसेल तर सौदा तेव्हा करून डिलिव्हरी दसऱ्याची घेता येते. फक्त भाव लेखी आणि बुकिंगच्या तारखेचाच, हे पावतीवर लिहून घ्यावे. दुसरा काळ डिसेंबरअखेर ते जानेवारी. सरत्या वर्षी बनलेली गाडी डीलरला काढून टाकायची असते, म्हणून तो सूट देतो. गाडी वर्षाने जुनी मोजली जाते, म्हणून तीन-चार वर्षांत गाडी बदलणाऱ्याला ही सूट पुढे विकताना परत द्यावी लागते. दहा वर्षे वापरणाऱ्याला ती निव्वळ फायद्याची.

कर्जाच्या बाबतीत फक्त ईएमआय विचारणारा ग्राहक डीलरला सगळ्यात आवडतो. सात लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता १४,५३१ रुपये आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ७२ हजार. सात वर्षांसाठी हप्ता ११,२६२ वर उतरतो आणि व्याज २ लाख ४६ हजारांवर चढते. हा ७४ हजारांचा फरक म्हणजे वरच्या उदाहरणात करातली बचत वजा जाता उरलेली सीएनजीची सगळी जादा किंमत. आपल्या बँकेचे मंजुरीपत्र खिशात असेल तर शोरूमच्या फायनान्सशी बोलणे सोपे जाते.

सगळे ठरल्यावर आणि पासिंगच्या आधी गाडी प्रत्यक्ष यार्डात जाऊन पाहायची असते, कारण एकदा नावावर नोंद झाली की तक्रारीला वजन राहत नाही. चासी नंबर इनव्हॉइसशी जुळवायचा. फॉर्म २१ या विक्री प्रमाणपत्रावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते, ते वाचायचे. टायरच्या कडेला चार अंक कोरलेले असतात. ‘३२२५’ म्हणजे २०२५ सालचा बत्तिसावा आठवडा. गाडी जानेवारीतली आणि टायर आदल्या उन्हाळ्यातले निघाले, तर गाडी खरोखर कधीची हे पुन्हा विचारायचे. पैसे डीलरशिपच्या खात्यातच भरायचे आणि किंमत दहा लाखांच्या वर असेल तर घेतलेल्या एक टक्का टीसीएसची नोंद पॅनवर झाली का ते पाहायचे. ती रक्कम आयकर विवरणपत्रात परत मागता येते.