पाट्यांआड लपलेल्या कमानी



बाजारातून जाताना आपण दुकानांच्या पाट्या वाचतो, मांडलेला माल पाहतो आणि पुढे जातो. पाटीच्या वर काय आहे, हे मान उंच करून पाहण्याची सवय आपल्याला नसते. एकदा पाहा. जुन्या पेठेत पाटीच्या वर अर्धी कमान दिसेल, खांबाचे नक्षीदार डोके दिसेल, लाकडी सज्जाची महिरप दिसेल. मग प्रश्न पडेल, या कमानीचा उरलेला अर्धा भाग कोठे गेला? तो कोठेही गेलेला नाही. तो पाटीच्या मागे आहे.

इमारतीची जी बाजू रस्त्याकडे तोंड करून असते, तिला दर्शनी भाग म्हणतात. माणसाला जसा चेहरा, तसा इमारतीला दर्शनी भाग. या पाठात आपण असे झाकलेले चेहरे पुन्हा कसे उघडतात, ते पाहणार आहोत. त्यासाठी मुंबईतील एका प्रसिद्ध रस्त्यावरून चालत जाऊ.

या रस्त्याचे नाव डॉ. दादाभाई नौरोजी रोड. पूर्वी त्याला हॉर्नबी रोड म्हणत. महात्मा जोतिबा फुले मंडईपासून, म्हणजे जुन्या क्रॉफर्ड मार्केटपासून, तो निघतो आणि हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनपाशी संपतो. एकेकाळी मुंबई शहराभोवती कोट होता. १८६० नंतरच्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत हा कोट पाडण्यात आला. शहराला पसरायला जागा मिळाली, रस्ते रुंद झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या रस्त्यावर एकापाठोपाठ एक भव्य इमारती उभ्या राहिल्या.

रस्त्याच्या एका बाजूला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे. वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेल्या या स्थानकाचे काम १८७८ मध्ये सुरू झाले व सुमारे दहा वर्षे चालले. २००४ मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक वारसा म्हणून नोंद केली. स्थानकासमोर तुम्हांला आपलीशी वाटेल अशी एक वास्तू आहे. ती म्हणजे अंजुमन-ए-इस्लामची शाळा. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये ही संस्था स्थापन केली. शाळेची घुमट आणि कमानी असलेली ही इमारत १८९३ मध्ये तयार झाली. याच रस्त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रयत्नांतून उभे राहिलेले सिद्धार्थ महाविद्यालय आहे, पारशी बांधवांची अग्यारी आहे आणि जे. एन. पेटिट ग्रंथालयही आहे. एकाच रस्त्यावर किती समाजांच्या खुणा एकत्र नांदत आहेत, ते पाहा.

या इमारती एकसारख्या नाहीत. कोणी गॉथिक पद्धतीची, कोणी ग्रीक-रोमन वळणाची, तर कोणी हिंदी आणि इस्लामी शैलींचा मेळ घातलेली. तरीही रस्ता विस्कळीत वाटत नाही, याला कारण आहे. १८९६ मध्ये सरकारने येथील इमारतींसाठी एक नियम केला. प्रत्येक इमारतीने तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला कमानींचा छायापथ ठेवायचा, म्हणजे वर इमारत आणि खाली लोकांसाठी चालण्याची वाट. मुंबईचे ऊन आणि मुंबईचा पाऊस, दोन्हींपासून पादचाऱ्याचे रक्षण झाले. मालक वेगळे, शैली वेगळ्या. पण कमानींची ओळ एक. उर्दूत जिला आपण मेहराब म्हणतो, तीच ही कमान.

मग हे सौंदर्य झाकले कसे गेले? कोणी एकाने ठरवून झाकले नाही. एका दुकानदाराने कमानीवर मोठी पाटी लावली. शेजारच्याला वाटले, आपली पाटी दिसत नाही. त्याने त्याहून मोठी लावली. पुढे दिव्यांच्या पाट्या आल्या, पत्रे आले, ॲल्युमिनियमचे तक्ते आणि काचा आल्या. वातानुकूलन यंत्रे आली, त्यांचे पाइप आले, तारांची जाळी आली. कोणी सज्जा बंद करून खोली वाढवली, कोणी दगडावर तैलरंग फासला. पाट्यांच्या या चढाओढीत शेवटी कोणाचीच पाटी नीट दिसेना आणि इमारतही दिसेना.

डागडुजी न होण्यामागे आणखी एक कारण होते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूंना संरक्षण मिळाले. गरजू लोकांच्या डोक्यावरचे छप्पर टिकले, हे चांगलेच झाले. परंतु भाडे वर्षानुवर्षे जवळजवळ तेवढेच राहिले आणि दुरुस्तीचा खर्च मात्र वाढत गेला. मालक म्हणे, एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कशी करू? भाडेकरू म्हणे, इमारत माझी नाही, मी का करू? या वादात इमारतीकडे कोणी पाहिले नाही.

तुम्ही म्हणाल, झाकले तर झाकले, त्यात बिघडले काय? बिघडते ते आतून. पाटी बसवण्यासाठी दगडात लोखंडी खिळे ठोकतात. पावसाच्या पाण्याने लोखंड गंजते आणि गंजताना फुगते. फुगलेले लोखंड दगडाला आतून फोडते. पाटीमागे पाणी मुरते. पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून वड-पिंपळाची रोपे सांध्यांत रुजतात व त्यांची मुळे भिंतीत शिरतात. वरवर नुसते छाटले, तर ते रोप पुन्हा फुटते. हे सगळे पाटीमागे चालते, म्हणून कोणाला दिसत नाही. जखमेवर रेशमी कापड टाकल्याने जखम भरत नाही.

अशा दुर्लक्षाची किंमत कधी कधी माणसाला मोजावी लागते. काळा घोडा भागात एस्प्लनेड मॅन्शन नावाची इमारत आहे. पूर्वी ती वॉटसन हॉटेल म्हणून प्रसिद्ध होती. तिचा लोखंडी सांगाडा १८६० नंतर इंग्लंडहून आणून येथे जोडला होता. १८९६ मध्ये याच ठिकाणी ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्र मुंबईकरांनी प्रथम पाहिले. त्याच इमारतीच्या सज्जाचा भाग २००५ च्या पावसाळ्यात कोसळला आणि एका माणसाचा जीव गेला. म्हणून दर्शनी भाग सांभाळणे हा केवळ शोभेचा प्रश्न नाही; तो खालून चालणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

आता झाकलेला चेहरा उघडतात कसा, ते पाहू. पहिले काम हातोड्याचे नसते, वहीचे असते. जुनी छायाचित्रे व नकाशे शोधतात. इमारतीची मोजमापे घेतात. कोणता दगड कोठे आहे, कोठे तडा आहे, कोठे ओल आहे, हे सारे कागदावर उतरवतात. मग एखादी पाटी किंवा गिलाव्याचा लहानसा तुकडा काढून मागे काय आहे, ते तपासतात. डॉक्टर जसा आधी नाडी पाहतो आणि मग औषध देतो, तसेच हे.

त्यानंतर पाट्या व पत्रे सावकाश उतरवतात. लोखंडी खिळे ओढून न काढता, दगड फुटणार नाही अशा बेताने सोडवतात. मग येते सफाई. दगडावरचा रंग काढायला जोराने वाळू मारणे सोपे वाटते, पण त्याने दगडाची वरची कातडीच निघते आणि नक्षी बोथट होते. म्हणून मऊ ब्रश, पाण्याचा हलका फवारा, वाफ किंवा औषधी लेप वापरतात. याच रस्त्याच्या टोकाला असलेल्या फ्लोरा फाउंटनवर वर्षानुवर्षांच्या रंगाचे थर चढले होते. ते काढून या १८६४ च्या कारंज्याची दुरुस्ती झाली आणि २०१९ मध्ये लोकांनी त्याचा मूळ दगड पुन्हा पाहिला.

सफाईनंतर दुरुस्ती. येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवा. जुनी भिंत चुन्याची आहे. तिला सिमेंट मानवत नाही. चुन्याची भिंत श्वास घेते, असे म्हणतात. म्हणजे काय? पावसाचे पाणी तिच्यात शिरते आणि ऊन पडले की वाफ होऊन बाहेर जाते. वरून सिमेंटचा घट्ट गिलावा किंवा तैलरंग लावला, तर पाण्याची बाहेर पडण्याची वाट बंद होते. पाणी आत कोंडते. त्याच्यातील क्षार दगडात साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. मजबुतीसाठी लावलेले सिमेंटच दगडाचे वैरी होते.

म्हणून कारागीर पुन्हा चुन्याकडे वळतात. चुनखडी भाजून कळीचा चुना करतात, तो पाण्यात विझवतात, मग त्यात वाळू आणि विटांची भुकटी मिसळून मळतात. या भुकटीला सुरखी म्हणतात. उर्दू जाणणाऱ्याला हा शब्द समजावून सांगायला नकोच! चुना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो. त्याला घाई चालत नाही. दगडही शक्यतो मूळ जातीचाच लावतात. मुंबईच्या जुन्या इमारतींत मालाडचा पिवळसर दगड, कुर्ल्याचा दगड आणि कोरीव कामासाठी पोरबंदरचा फिकट दगड आढळतो. जो भाग नाहीसा झाला आहे आणि ज्याचा पुरावाही नाही, तो मनाने रचत नाहीत. नाही ते नाही म्हणणे, हाही या कामातील प्रामाणिकपणा आहे.

१९९५ मध्ये मुंबईत वारसा इमारतींच्या रक्षणासाठी नियम झाले. अशा इमारतींची यादी झाली व त्यांच्या श्रेणी ठरल्या. पण नियम कागदावर असतो, पाटी भिंतीवर असते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस वास्तुविशारद आभा लांबा यांनी दादाभाई नौरोजी रोडवरील इमारतींची पाहणी करून पाट्यांसाठी मार्गदर्शक आराखडा तयार केला. त्यातील कल्पना साधी होती. पाटी काढून टाकू नका, तिला जागेवर बसवा. कमानीवर आडवी न लावता ती कमानीच्या आत, तिच्या मापाने लावा. कमानही दिसेल आणि दुकानाचे नावही.

दुकानदारांना हे लगेच पटले असेल का? त्यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. पाटी लहान झाली आणि गिऱ्हाईक कमी झाले, तर घर कसे चालेल? नवीन पाटीचा खर्च कोण देणार? ही भीती खोटी नव्हती. म्हणूनच केवळ हुकूम काढून हे काम होण्यासारखे नव्हते. बोलणी झाली, समजावणे झाले. एकट्याने पाटी लहान केली तर तोटा त्याचा. पण सर्वांनी केली तर कोणीच मागे पडत नाही. हळूहळू येथील दुकानदार व रहिवासी पुढे आले आणि त्यांनी ‘हेरिटेज माइल असोसिएशन’ नावाची संघटनाही स्थापन केली. मोठ्या पाट्या उतरल्या आणि कमानींची ओळ पुन्हा दिसू लागली. २००४ मध्ये युनेस्कोने आशिया-पॅसिफिक विभागाच्या वारसा पुरस्कारांत या कामाचा गौरव केला.

मात्र हे एकदा करून संपणारे काम नव्हे. दुकान बदलते, नवा मालक येतो, नवी पाटी येते. शिवाय काही ठिकाणी दर्शनी भाग तेवढा राखून मागची सारी इमारत पाडतात. चेहरा राहतो, पण त्यामागचे जिने, अंगण आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे जातात. त्याला जतन म्हणावे का? यावर जाणकारांतही मतभेद आहेत. तुम्हीही विचार करा.

मित्रांनो, इमारत खासगी असते, पण तिचा दर्शनी भाग रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांचा असतो. शाळेत जाणारे मूल, हमाल, परगावचा पाहुणा, कोणालाही तो पाहायला तिकीट लागत नाही. ज्या गवंड्यांनी आणि पाथरवटांनी तो घडवला, त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. त्यांची आठवण आहे ती त्यांच्या कामात. ती पत्र्याआड राहू द्यायची की उजेडात आणायची, हे आता आपल्या हाती आहे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दर्शनी भाग म्हणजे काय?
(आ) १८९६ च्या नियमाने इमारतींच्या तळमजल्यावर काय ठेवायचे ठरले?
(इ) अंजुमन-ए-इस्लाम या संस्थेची स्थापना केव्हा झाली?

२. कारणे द्या.
(अ) जुन्या दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये.
(आ) पाट्यांच्या चढाओढीत कोणाचाच फायदा झाला नाही.

३. पुढील शब्द मराठीत आणि उर्दूतही आढळतात. त्यांचा प्रत्येकी एका मराठी वाक्यात उपयोग करा.
इमारत, कारागीर, दुकान, कमान, खर्च

४. ‘माझी पाटी लहान का करू?’ असे विचारणारा दुकानदार आणि त्याला समजावणारा विद्यार्थी यांच्यातील संवाद आठ-दहा वाक्यांत लिहा. दुकानदाराची बाजूही नीट मांडा.

५. उपक्रम : तुमच्या गावातील जुन्या पेठेतील एक इमारत निवडा. रस्त्याच्या पलीकडे सुरक्षित जागी उभे राहून तिचे चित्र काढा. जो भाग पाटीने झाकला आहे, तो चित्रात कोराच ठेवा. नंतर तेथील वडीलधाऱ्यांना विचारून त्या कोऱ्या जागी पूर्वी काय होते, ते चित्राखाली लिहा.