नाशिकचं हसू, वेशीच्या दोन्ही बाजूंचं

तमाशाच्या गवळणीतली मावशी म्हणजे लुगडं नेसलेला, पदर सावरत मुरडणारा बाप्या. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची ही पुढारीण वाट अडवणाऱ्या कृष्णाशी हुज्जत घालते आणि बोलता बोलता पुढे बसलेल्या गावच्या पाटलालाही चिमटा काढते. ज्याच्या वाड्यावरून जाताना वहाणा हातात घ्यायच्या, तो पाटील चारचौघांत हसतो. न हसून सांगतो कोणाला! तेवढ्यापुरती वेस मोडते. सकाळी ती पुन्हा जागेवर असते, हेही खरं.

नाशिकला ती वेस कायमची मोडायची होती. २ मार्च १९३० रोजी अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. कवी कुसुमाग्रजही तरुणपणी त्यात होते. त्याच काळात नाशिक जिल्ह्यातल्या शाहीर भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. साचा तमाशाचाच, पण शृंगार गाळलेला आणि विनोद राखलेला. रूढीला चिकटून बसलेला एक, त्याला भाबडेपणानं प्रश्न विचारणारा दुसरा; प्रश्नागणिक पहिल्याची पंचाईत वाढत जाते. भाषणाला उठून जाणारा माणूस फार्साला थांबतो, ही या मंडळींची अचूक पारख होती. आणि इथलं हसू रात्रीपुरतं नव्हतं. उद्या पाणवठ्यावर काय करायचं, ते त्यात सांगितलेलं असे. माझ्या मते आपल्याकडे विनोदानं बांधलेला सगळ्यात धाडसी पूल हाच.

पुढे वाहतूक एकाच दिशेनं वाढली. १९६५ साली वसंत सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ आलं, दादा कोंडके गाजले आणि शहरी पांढरपेशा तमाशाच्या विनोदावर मोकळेपणी हसू लागला. उत्तम झालं. पण सोंगाड्या नाट्यगृहात शिरला, तेव्हा जलशाचा प्रश्न बाहेरच राहिला.

अलीकडे नाशिकच्याच मंडळींनी तो धागा निराळ्या अंगानं पुन्हा धरलेला दिसतो. दत्ता पाटील यांनी लिहिलेल्या आणि सचिन शिंदे यांनी बसवलेल्या ‘हंडाभर चांदण्या’ आणि ‘कलगीतुरा’ या नाटकांत गावची माणसं आपल्याच बोलीत बोलतात. शहराला हसवण्यासाठी ती बावळट केलेली नाहीत.

कर्डकांचं ‘आंबेडकरी जलसे’ हे पुस्तक १९७८ साली आलं. नाशिकच्या एखाद्या नाट्यसंस्थेनं ते हाती घ्यावं आणि कालिदास कलामंदिरात एक जलसा साग्रसंगीत उभा करावा. पहिला प्रयोग मात्र एखाद्या गावात, पारावर व्हावा.