डीएनएचा एक धागा सलग कॉपी होतो, दुसरा मात्र तुकड्यातुकड्यांत. हे कोडं सोडवलं हिरोशिमात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने

बोट कापलं की थोड्या दिवसांत जखम भरते, नवी कातडी येते. ही कातडी म्हणजे नव्या पेशी. एका पेशीच्या दोन होतात तेव्हा दोघींनाही डीएनएची अख्खी प्रत लागते. म्हणजे विभागणी होण्याआधी 600 कोटींहून जास्त अक्षरजोड्यांचा मजकूर उतरवून काढायचा. माणसाची पेशी हे काम साधारण 8 तासांत उरकते.

डीएनएची अक्षरं चारच. ए समोर टी, सी समोर जी, जोड्या ठरलेल्या. त्यामुळे बॅगेची चेन उघडावी तसे दोन धागे सुटे झाले की प्रत्येक धाग्यावरून त्याचा जोडीदार नव्याने तयार करता येतो. प्रत्येक पेशीला एक धागा जुना मिळतो, एक नवा. मेसेल्सन आणि स्टाल यांनी 1958 मध्ये जिवाणूंवरच्या प्रयोगातून हे दाखवून दिलं.

इथपर्यंत शाळेत शिकवतात. खरी गंमत पुढे आहे.

हे दोन धागे एकमेकांच्या उलट दिशेने असतात, आणि कॉपी करणारं पॉलिमरेज नावाचं एन्झाइम एकाच दिशेने चालतं. मग एका धाग्यावर ते उघडत्या चेनच्या मागोमाग सरळ जातं, पण दुसऱ्या धाग्याचं काय?

1960च्या दशकात जपानच्या नागोया विद्यापीठात रेईजी आणि त्सुनेको ओकाझाकी हे दांपत्य याच प्रश्नाच्या मागे होतं. त्यांनी जिवाणूंना अगदी काही सेकंदांपुरतं किरणोत्सारी रसायन दिलं, म्हणजे तेवढ्या वेळात बनलेला डीएनए ओळखू यावा. हाती आले छोटे छोटे तुकडे. जास्त वेळ दिला, तर तेच तुकडे लांब धाग्यात जोडलेले दिसले.

म्हणजे चेन थोडी उघडली की एन्झाइम पुढे जाऊन मागच्या दिशेने एक तुकडा बनवतं, परत पुढे जातं, परत मागे येतं. मग लायगेज नावाचं दुसरं एन्झाइम हे तुकडे सांधतं. एवढी यातायात करूनही सगळी तपासणी आणि दुरुस्ती धरून चूक राहते ती 100 कोटी अक्षरांत एखादी.

पण डीएनएलाच मार बसला तर? किरणोत्सर्गाने धागे तुटतात, अक्षरं बिघडतात. दुरुस्तीतून सुटलेला बिघाड पुढच्या प्रत्येक कॉपीत उतरतो आणि त्यातून कधी कधी कॅन्सर होतो.

रेईजी यांचा जन्म हिरोशिमाचा. 1945 मध्ये तिथे अणुबॉम्ब पडला तेव्हा ते 14 वर्षांचे होते आणि त्यांना किरणोत्सर्गाची मोठी बाधा झाली होती. 1975 मध्ये, वयाच्या 44 व्या वर्षी ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने ते गेले.

त्सुनेको यांनी संशोधन सोडलं नाही. प्रत्येक तुकड्याची सुरुवात आरएनएच्या चिमुकल्या तुकड्याने होते, हे त्यांच्या टीमने पुढे पक्कं केलं. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत या तुकड्यांना आज 'ओकाझाकी फ्रॅगमेंट' म्हणतात. हे आडनाव दोघांचंही आहे.