इरिडियमच्या संध्याकाळी

हल्ली आकाशदर्शनाला आलेली मुलं पहिलं विचारतात, ‘स्टारलिंकची ट्रेन किती वाजता?’ म्हणजे एकामागोमाग सरकणाऱ्या उपग्रहांची माळ. इरिडियम हे नावही त्यांच्या कानावरून गेलेलं नसतं. हे मला लागलं.

१९५७चा स्पुटनिक, १९६०चा इको हा तीस मीटर व्यासाचा चकचकीत फुगा, यांच्या गोष्टी आम्ही थोरामोठ्यांकडून ऐकल्या. पुढची कैक वर्षं उपग्रह म्हणजे संधिप्रकाशात सरकणारा मंद ठिपका. त्यावर लिहावं असं फार नाही. खरी मजा १९९७ नंतरची. सॅटेलाइट फोनसाठी ७८० किलोमीटर उंचीवर इरिडियमचं जाळं उभं राहिलं. प्रत्येक उपग्रहाला दाराएवढे तीन लखलखीत अँटेना. त्यांवरून उन्हाचा कवडसा जमिनीवर पडायचा आणि त्या चिंचोळ्या पट्ट्यात जो उभा, त्याचं नशीब.

हेवन्स-अबव्ह या संकेतस्थळावर आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश भरले की चमकेची वेळ सेकंदासकट मिळायची, उपग्रहाच्या क्रमांकासह. घड्याळ लावून गच्चीवर जायचं, होकायंत्राने दिशा धरायची, हात लांब करून मुठीने दहा-दहा अंश मोजायचे. आधी काहीच नाही. मग दक्षिणोत्तर सरकणारा बारीक ठिपका फुगत फुगत शुक्राच्या वीसपट उजळायचा आणि काही सेकंदांत विझायचा. शहरातल्या उजेडातही!

जाणत्या निरीक्षकांनी तेव्हा नाकं मुरडली. टेलिफोनचे दिवे बघून कुणी खगोल शिकतं का, म्हणाले. शिकतं. दिगंश, उन्नतांश, प्रत हे शब्द व्याख्यानांतून डोक्यात शिरत नव्हते, ते या चमकांनी शिकवले. भाकीत करायचं आणि सेकंदावर ताडून पाहायचं, विज्ञान म्हणतात ते हेच.

फेब्रुवारी २००९मध्ये सैबेरियावर इरिडियम ३३ निकामी कॉसमॉस २२५१ उपग्रहावर आदळला, तेव्हा ओळखीचं माणूस गेल्यासारखं वाटलं. जानेवारी २०१९पर्यंत इरिडियमची नवी पिढी वर गेली. तिला ते आरसेच नाहीत. बरेचसे जुने उपग्रह एकेक करून वातावरणात जाळले; कक्षा साफ ठेवायची तर तेच योग्य.

पण त्याच वर्षी मे महिन्यात स्टारलिंकचे पहिले ६० उपग्रह सुटले आणि आज ते हजारोंनी आहेत. इरिडियमचं जगभरचं काम ६६ उपग्रहांत भागत होतं. चमक ओसरली की आकाश पुन्हा ताऱ्यांचं. आता चिलीतल्या रुबिन वेधशाळेलाही फोटोंवरच्या रेघांची चिंता आहे. गडद रंग, सूर्यप्रकाश अडवणाऱ्या झडपा, असे उपाय स्टारलिंकच्या कंपनीने करून पाहिले. मात्र किती उजेड चालेल हे उपग्रह सोडणाऱ्यांनीच ठरवायचं, आणि ज्या गावांच्या डोक्यावरून ते जातात त्यांना कुणी विचारायचंही नाही, हे मला मुळीच मान्य नाही.