सिल्टची वाळू कुठे जाते?

उत्तर जर्मनीत, डेन्मार्कच्या सीमेलगत सिल्ट नावाचं चिंचोळं बेट आहे. त्याचा पश्चिम किनारा जवळपास 40 किलोमीटरचा आणि बहुतेक सगळा वाळूचा. खडकाचा आधार नाही, समोर खवळलेला उत्तर समुद्र. वर्षाला सरासरी मीटरभर किनारा समुद्र गिळत आला होता.

1962 च्या फेब्रुवारीत उत्तर समुद्राला आलेल्या वादळी उधाणाने एकट्या हॅम्बुर्ग शहरात 315 माणसांचा बळी घेतला. त्यानंतर जर्मनीने किनारा राखण्याचं काम फार गांभीर्याने घेतलं. सिल्टच्या दक्षिण टोकाला, ह्योर्नुम गावापाशी, त्याच दशकाच्या अखेरीस काँक्रीटचे टेट्रापॉड रचले गेले. मरीन ड्राइव्हवर बसणाऱ्यांना हे चार पायांचे ठोकळे नवे नाहीत.

पण ह्योर्नुमच्या त्या ठोकळ्यांच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्याची धूप आणखी वाढली. लाटा किनाऱ्यावर तिरप्या येतात आणि वाळू काठाकाठाने पुढे ढकलत नेतात. एका ठिकाणची वाळू वाहते, मागून दुसरी येऊन तिची जागा घेते. मध्येच आडवं बांधकाम आलं की पुढच्या किनाऱ्याची आवक तुटते, समुद्राची उचल मात्र चालूच राहते. सरळ उभ्या भिंतीचंही तसंच. तिच्यावर आपटून परतणारी लाट भिंतीच्या पायथ्याचीच वाळू खरवडून काढते आणि पुळण खचत जाते.

म्हणून 1972 पासून सिल्टवर दुसरा मार्ग धरला गेला. बेटापासून काही किलोमीटरवर उभं राहून जहाज तळाची वाळू पाण्यासकट शोषून घेतं. मग किनाऱ्याजवळ येऊन नळावाटे तो करडा रगाडा पुळणीवर सोडतं. पाणी निथळून परत समुद्रात जातं, उरलेली वाळू बुलडोझर पसरतात. वर्षाला साधारण 10 लाख घनमीटर वाळू अशी ओतली जाते. हिवाळी वादळं ती वाहून नेतात, आणि ती त्यासाठीच असते. समुद्र ही वाळू नेतो, तेवढ्यापुरते मागचे कडे आणि वस्ती वाचतात. पुळण दरवर्षी मोजतात आणि जिथे तूट दिसेल तिथे भर घालतात. किनारा सगळ्यांचा, म्हणून खर्चही सार्वजनिक तिजोरीतून होतो. जर्मनीत किनारासंरक्षणाच्या संयुक्त योजनेत 70 टक्के वाटा केंद्राचा, 30 टक्के राज्याचा असतो.

या उपायालाही किंमत आहे. वाळू काढलेले समुद्रतळाचे खड्डे दशकं उलटली तरी पूर्ण भरलेले नाहीत, त्यांत वाळूऐवजी गाळ साचतो आणि तळाचे जीव बदलतात, असं आल्फ्रेड वेगेनर संस्थेच्या संशोधकांना आढळलं. तरीही मला हा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो. तो समुद्राला कायमचं थोपवल्याचा दावा करत नाही आणि शेजारच्या गावाची पुळण हिरावत नाही.

कोकणात उधाणाने माडाची मुळं उघडी पडली की पहिली मागणी होते धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची. घरामागची जमीन डोळ्यांदेखत जाताना ही मागणी करणाऱ्यांना दोष देता येणार नाही. पण बंधारा मंजूर होण्याआधी ग्रामसभेने दोन गोष्टी लेखी मागाव्यात: आपल्या पुळणीची वाळू कुठून येते याचा अभ्यास, आणि बंधारा झाल्यावर पलीकडच्या गावाच्या किनाऱ्याचं काय होईल याचा अंदाज. ही कागदपत्रं हाती नसतील, तर मंजुरीची घाई करू नये.