तोफांच्या जागी चित्रं

पणजीहून मांडवीपलीकडे पाहिलं, की वेऱ्याच्या टेकडीवर जांभ्या दगडाचा किल्ला दिसतो. हा रेइश मागूश. पोर्तुगिजांनी तो १५५१ मध्ये नदीच्या तोंडावर पहारा ठेवण्यासाठी बांधला. पुढे काही काळ इथे इंग्रज फौजेचा तळ होता, मग तुरुंग झाला आणि मुक्तिसंग्रामातले कैदी इथे डांबले गेले. १९९३ नंतर किल्ला ओस पडला. हेलन हॅम्लिन ट्रस्ट, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि गोवा सरकार एकत्र आले, वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी काम हाती घेतलं आणि २०१२ मध्ये दरवाजे लोकांसाठी उघडले.

आत शिरल्यावर मी आधी भिंतीला हात लावला. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळाभर पाणी पितो आणि उन्हात सोडून देतो. त्यावर सिमेंट थापलं तर ओल आत कोंडते आणि दगड भुसभुशीत होतो. चुना ओल बाहेर जाऊ देतो. आपल्याकडचे जुने गवंडी चुना मुरवून, घाण्यात मळून, त्यात गूळ, हिरडा आणि बेलफळाचा गर घालत, ते उगीच नव्हे. जुनी इमारत राखण्याची निम्मी विद्या या चुन्यातच आहे, असं माझं ठाम मत आहे.

आतल्या दालनांत व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं लावली आहेत. कुलाब्याच्या कॅफे माँडेगारच्या भिंतींवरची त्यांची माणसं अनेकांनी पाहिली असतील. इथे मात्र चित्राला नाक लावून उभं राहता येतं. काळ्या शाईची एकेक रेघ मोजावी इतकी सुटी. गर्दीतल्या प्रत्येकाला स्वतःचा चेहरा आहे. मागच्या रांगेतला, नखाएवढा माणूसही कुणाकडे तरी रोखून बघतोय. सावलीसाठी रंगाचा हात नाही, आडव्या-उभ्या रेघांची जाळी विणत नेली आहे. चित्रातून नजर काढली की शेजारी जाड तट, आणि प्रवेशाजवळ शत्रूवर उकळतं तेल ओतायचं भोक. हे भोक बुजवलं नाही, ते फार बरं केलं.

कॅलिफोर्नियातल्या फोर्ट बॅरीत याच्याही पुढे गेले. १९०७ च्या सैनिकी बराकींत १९८२ पासून हेडलँड्स सेंटर फॉर द आर्ट्स आहे. डेव्हिड आयर्लंड या कलावंताने तिथल्या भिंतींवरचे रंगाचे थर खरवडून काढले आणि सैनिकांच्या वावराच्या खुणा तशाच ठेवल्या. तिथे कलावंत मुक्कामाला येतात, काम करतात, एकत्र जेवतात. रेइश मागूशला आपण चित्रं पाहतो. तिथे ती घडतात. हा फरक मला मोठा वाटतो.

हे सगळं मनात आलं की आमच्याकडचा एक किल्ला आठवतो. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या जेऊरला रेल्वेतून उतरून लोक करमाळ्याला जातात, ते कमलाभवानीच्या दर्शनाला. रावरंभा निंबाळकरांचा भुईकोट किल्ला करमाळ्यातच आहे, पण त्याकडे वळणारे थोडे. त्याच्या दुरुस्तीचं मनावर घेणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: काम चुन्यात करा, जुन्या खुणा पुसू नका, आणि चार खोल्या चित्रकारांना राहून काम करण्यासाठी राखून ठेवा.