आतल्या भोकाचा बर

गेल्या वर्षी दिवाळी आठ दिवसांवर आली असताना माझा भाचा घरी आला, तो तोंड उतरवूनच. नागापूरच्या एमआयडीसीत त्याचा लहानसा कारखाना आहे. दोन यंत्रे आणि चार माणसे, एवढाच पसारा. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या झडपांचे चारशे ठोकळे त्याने गिऱ्हाइकाकडे पाठवले होते. ते सगळे परत आले.

"मामा, आत बर राहिलाय," तो म्हणाला. कामगारांचा बोनस त्याच पैशांतून व्हायचा होता.

मी पडलो मराठीचा मास्तर. मला आधी ते 'बरं'च ऐकू आले! पण आमचे नाना जुने फिटर. त्यांनी ठोकळा हातात घेतला आणि मला धडा दिला. ड्रिल एका भोकातून दुसऱ्या आडव्या भोकात शिरते, तेव्हा शेवटचा पातळ पापुद्रा कापला जात नाही, नुसता पुढे ढकलला जातो. कडेला त्याची झालर राहते. तोच बर. पुढे तो तुटून तेलात वाहत जातो आणि झडप अडकते.

1972 साली निघालेली लूना वाचकांना आठवत असेल. ती बनवणाऱ्या कायनेटिकचा कारखाना नगरातलाच (हो, आता अहिल्यानगर, पण नानांच्या तोंडी नगरच), त्यामुळे आमच्याकडे तिचे कौतुक फार. तिच्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या असतात. त्या खिडक्यांच्या कडा मारल्या नाहीत, तर पिस्टनची रिंग तिथे अडकते. "बाहेरून आरशासारखं दिसतं रे, पण मरण आत असतं," नाना म्हणाले.

मोठ्या कारखान्यांत यावर नामी उपाय आहे. वस्तू पोलादी भांड्यात कोंडायची, गॅस व प्राणवायू भरायचा आणि ठिणगी द्यायची. क्षणाच्या आत बर जळून जातो. ठोकळा नुसता तापतो. मला हे पटेना. तेव्हा सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "चकलीचा काटा नाही का आधी करपत?" अगदी तसेच! पातळ भागाची उष्णता पळायला जागा नसते.

आमच्यापाशी मात्र होते आकडीसारखे वाकडे पाते आणि टोकांना कुरुंदाचे मणी लावलेला ब्रश. (इंग्रजांचा 'कोरंडम' हा आपल्या दक्षिणेतल्या कुरुंदाचाच अवतार. मास्तरकी सुटत नाही!) नानांची बोटे आता बधिर झाली आहेत, बर कळत नाही. क्षणभर ते गप्प बसले. मग आईच्या डब्यातली कापसाची वात मागितली, काडीला गुंडाळली आणि भोकात फिरवली. तंतू अडकला, तिथे बर!

चार रात्री सारे घर त्या ठोकळ्यांपुढे बसले. धनत्रयोदशीच्या सकाळी 387 ठोकळे गिऱ्हाइकाने ठेवून घेतले आणि संध्याकाळी बोनस वाटला गेला. 13 ठोकळ्यांत पाते खोल जाऊन ओरखडे पडले होते. त्यांतले नऊ माझ्या हातचे.